जिप्सीचं हूड वाचवणाऱ्यांचे आभार

ताम्हिणी घाटात भर पावसात माझ्या जुन्या मारुती जिप्सीचं कापडी हूड मागच्या खिडकीपाशी उसवलं. मागून आलेल्या दोघांनी स्वतःची ताडपत्री सांगाड्याला करकचून बांधून दिली आणि नावंही न सांगता माणगावकडे निघून गेले. त्यांचे मनापासून आभार. (ताडपत्री धुऊन ठेवली आहे, कधीही घेऊन जा.)

खरे उपकार पौडजवळच्या, रिक्षांची हुडं शिवणाऱ्या काकांचे. “नवं कशाला घेता? कापड शाबूत आहे, दोरा कुजलाय,” म्हणाले. नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई, आतून रेक्झिनची पट्टी, सुईच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून शिवणीवर सोल्यूशन. खिडकीचं प्लास्टिक गारठ्यात दुमडलं की तडकतं, हेही बजावलं. पैसे फक्त सामानाचे घेतले. ते काही मला पटलं नाही, काका.