गाळ मोजायला एक पावसाळा पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या पुरवणीत येणारे करिअरचे पान मी दरवर्षी कापून ठेवते. सत्तावीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्त झाले तरी शेजारपाजारची मुले विचारायला येतात आणि त्यांना हे कात्रण उपयोगी पडते. यंदाच्या पानात ‘आपत्ती व्यवस्थापन’ या विषयाला चार ओळी मिळाल्या. ‘पर्यावरण’ शेजारच्या रकान्यात, वेगळ्या मथळ्याखाली होते. या दोन रकान्यांच्या मधल्या रेषेबद्दल मला लिहायचे आहे, कारण आमच्या खाडीकाठी ती रेष कुठेच दिसत नाही.

वाशी-बेलापूर भागातले धारण तलाव आपल्या बहुतेक वाचकांनी पाहिले असतील. सकाळी त्यांच्या कडेने माणसे फिरायला जातात आणि अनेकांना ते शोभेचे तळे वाटते. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर, आणि भरावावर वसला आहे. मोठ्या भरतीला खाडीचे पाणी यातल्या सखल जमिनीपेक्षा वर चढते. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीवर हे तलाव बांधले. भरती चढली की तोंडाशी असलेली झडप पाण्याच्या दाबाने बंद होते. तेवढे तास शहरात पडणारा पाऊस तलावात साठतो आणि ओहोटी लागली की झडप उघडून खाडीत जातो. आगरी-कोळी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. भातखाचरांच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, जी उघाडी ठेवत, ती पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान भरती कधी, हे ज्याला तोंडपाठ होते तोच माणूस उघाडीची राखण करी.

आता या तलावांत गाळ साचला आहे. भरतीबरोबर खाडीचा चिखल आत येतो, चिखलाबरोबर तिवराचे बी येते आणि रुजते. पाहता पाहता तलावाच्या पोटात खारफुटीचे रान उभे राहिले. पाणी साठायची जागा आटली, तेव्हा गाळ काढायला हवा. पण खारफुटीला हात लावायचा तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. २०१८ च्या निकालाने सार्वजनिक हिताच्या अत्यावश्यक कामाशिवाय ती तोडायला मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. खाडीकाठचा चिखल धरून ठेवणारी, लाटेचा जोर मोडणारी, मासळीच्या पिल्लांना आसरा देणारी ही झाडे आपण किती बेफिकिरीने भरावाखाली गाडली, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग करायचे काय? पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा अभियंता सांगतो, तलावाची क्षमता घटली, वस्तीत पाणी शिरेल. खारफुटीसाठी झटणारा कार्यकर्ता सांगतो, एकदा तोडायला मुभा दिली की उद्या तिथे इमारत उभी राहील. दोघांचेही खरे आहे, म्हणून प्रश्न वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. दोघांच्या मधले प्रश्न कोणी विचारायचे? वर्षाला नेमका किती गाळ येतो, कोणत्या तोंडातून जास्त येतो, झडपा नीट मिटतात का, कोणता पट्टा राखला तर काठ शाबूत राहील आणि कोणता मोकळा केला तर पाण्याला जागा मिळेल? याचे उत्तर फाइलमध्ये सापडत नाही. एकाच तलावाच्या काठी चार-पाच पावसाळे काढले तर हाती लागते. हे काम अभ्यासकाचे आहे, आणि त्यासाठी आपत्ती आणि पर्यावरण दोन्ही विषय एकाच डोक्यात असावे लागतात.

असे डोके असलेली एक मुलगी मला माहीत आहे. माझी विद्यार्थिनी, ठाण्याजवळच्या दिव्याची. २६ जुलै २००५ ला ती सात वर्षांची होती. सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तिच्या आठवणीत मात्र आकडा नाही. चाळीतली कोणती खोली आधी बुडाली आणि कोणती सर्वांत शेवटी, हे तिला आठवते. पुढे भूगोलात बीए करताना तिने मला विचारले, ‘‘मॅडम, पाऊस तर येऊरच्या डोंगरावरही तेवढाच पडला असेल ना?’’ तिथे झाडे होती, उतार होता, माणसांची दाटी नव्हती. दिव्यात सखल जमीन, बुजलेले नाले आणि भाड्यापुरतेच पैसे असलेली कुटुंबे होती. पाऊस, त्याच्या वाटेत येणारी माणसे आणि त्या माणसांची दुबळी परिस्थिती या तिन्हींचा हिशेब म्हणजे जोखीम. वर्गात मी हे शिकवले असते, पण ती ते घेऊनच आली होती.

तिच्या वडिलांना हे शिक्षण पसंत नव्हते. ते मला भेटायला आले आणि म्हणाले, ‘‘बाई, ज्या वर्षी आपत्ती येणार नाही त्या वर्षी ही काय करणार?’’ प्रश्न मनापासून विचारलेला होता. मी त्यांना सांगितले की या विषयाचे खरे काम त्याच वर्षात असते. बोटी आणि दोर घेऊन धावणारी माणसे आपल्याकडे आहेत. ठाणे महापालिकेचे आपत्ती प्रतिसाद दल तळिये, इर्शाळवाडीपर्यंत मदतीला गेले, त्या जवानांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण दरड कोसळण्याआधी डोंगराची भेग वाचणे, वस्तीची यादी करणे, पावसाचे आकडे वर्षानुवर्षे जुळवणे हे वेगळे काम आहे आणि ते कोरड्या दिवसांत करावे लागते. आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या २०१५ च्या सेंडाई आराखड्यातही पहिला प्राधान्यक्रम जोखीम समजून घेण्याला आहे, मदतकार्याला नाही.

ती देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासात एमए झाली. आता पीएचडी करते आहे, विषय धारण तलावांचाच. आणि पोटासाठी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते.

या तासिका तत्त्वाबद्दल आपल्या वाचकांना सविस्तर सांगायला हवे, कारण करिअरच्या पानावर ते कधीच नसते. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवारही घेतलेल्या तासांपुरते पैसे घेतो. नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते. मार्च-एप्रिलात ती संपते आणि नवी होईपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो, कधी त्याहून उशीर. म्हणजे नेमक्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी विद्यार्थिनी कोणत्याच संस्थेची नसते. तलावाच्या झडपेपाशी जायला परवानगी हवी, परवानगीला संस्थेचे पत्र हवे, पत्रावर पद लिहायला हवे, आणि जूनमध्ये तिला पदच नसते. पहिल्या वर्षी तिने मोजपट्टीच्या काठ्या रोवून गाळाची पातळी टिपली. दुसऱ्या वर्षी निम्मा पावसाळा या पत्रापायी गेला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच महाविद्यालयात होती आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. एका पावसाळ्याच्या आकड्यांवर प्रबंध उभा राहत नाही, न्यायालयात तर मुळीच टिकत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा आहे असेही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जिल्हावार आपत्ती आराखडे करायला सुरुवात करणाऱ्या राज्यांत आपण पुढे होतो. २००५ च्या महापुरानंतर माधवराव चितळे यांच्यासारख्या जाणत्या जलतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. कायदा आहे, प्राधिकरणे आहेत, आराखडे आहेत. महाविद्यालयांत मात्र आपत्ती हा फाउंडेशन कोर्समधल्या एका प्रकरणापुरता उरला, आणि ते प्रकरण ज्याचे तास कमी पडत असतील त्याच्या माथी मारले जाते. मी स्वतः अनेक वर्षे हे पाहिले आहे आणि तेव्हा पुरेसे बोलले नाही, याची मला खंत आहे.

आपत्ती म्हटली की आपल्याला पूर आणि दरडच आठवते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानातल्या जाहीर कार्यक्रमात भर दुपारी माणसे उष्माघाताने गेली. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही. विदर्भात सोसेल तेवढे तापमान इथे जिवावर बेतते. हे सांगणारा माणूस कार्यक्रमाची वेळ ठरवताना बैठकीत असायला हवा होता.

माझी मागणी मोठी नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर इतकी महाविद्यालये आहेत. खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, मान आहे. ऐरोलीला वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. पारसिकचा डोंगर, मुंब्र्याचे उतार, दिव्याची सखल वस्ती हे सगळे लोकलने तासाभराच्या आत. एवढी प्रयोगशाळा दाराशी असलेल्या या टापूत, आपत्ती आणि पर्यावरण जोडून शिकवणारी कायमस्वरूपी पदे निदान दोन-तीन महाविद्यालयांत तरी शासनाने मंजूर करावीत. तोवर महापालिकांनी धारण तलावांच्या गाळाच्या आणि झडपांच्या नोंदी संशोधकांना खुल्या कराव्यात आणि संशोधकाला परवानगी त्याच्या विषयावर द्यावी, नोकरीच्या पत्रावर नको. आणि आपण, संपादक महाशय, पुढच्या वर्षीच्या पानावर या मुलांना पगार किती महिने मिळतो तेही छापावे. ते वाचूनही जे येतील, तेच या विषयाला हवे आहेत; पण त्यांना अंधारात ठेवून बोलावू नये.

साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आपण दर पावसाळ्याआधी छापता. माझ्या विद्यार्थिनीने यंदाची ती यादी वहीत उतरवून घेतली आहे आणि प्रत्येक तारखेपुढे झडपेवर पोहोचायची वेळ लिहिली आहे. पहिली तारीख जूनमधली आहे. परवानगीचे पत्र अजून आलेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापिका,
कळवा, ठाणे