जुनं वायरिंग काढण्याआधी

प्रिय मित्रा,

मॉरिस मायनर या जुन्या ब्रिटिश गाडीचं वायरिंग काढायला घेतोयस हे वाचलं आणि राहवलं नाही. आधी पक्कड-कातर लांब ठेव! हार्नेस, म्हणजे तारांचा एकत्र गुंडाळलेला जुडगा, कापून ओढलं की काम झटपट उरकतं, पण कुठली शाखा नेमकी कुठे फुटते, कुठे किती ढील सोडलीय, हे फक्त त्या जुन्या हार्नेसलाच ठाऊक असतं. सर्किटच्या आकृतीत तार कुठून कुठे जाते तेवढं कळतं, तिची लांबी नाही.

बॅटरीचं अर्थचं, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेलं, टर्मिनल आधी सोडव. गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर ते प्लसचं असेल, घाईत गफलत नको. मग प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांध. लुकास या ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनचीच पण फ्यूजनंतरची आणि काळी अर्थची. पण इतक्या वर्षांच्या तेलामातीने सगळ्या सारख्याच मळकट झालेल्या असतात. वेष्टन जरासं उलगडलंस की आत मूळ रंग सापडतो.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) ओढताना मागच्या टोकाला दोरी बांध. हार्नेस बाहेर येईल तशी ती आत जाईल आणि परत घालताना तीच कामी येईल.

बाहेर आलं की प्लायवूडवर पसर, फाट्यांच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोक. आता खरं काम. टोकाचं प्लास्टिक सोलून तांबं बघ. चकचकीत असेल तर नशीब! काळं असेल तर थोडं मागे सोल, तिथेही काळंच निघालं तर अख्खी तार बदल, कारण काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. नवी तार जुनीइतकीच जाड घे. वरून चिकट नसलेली पीव्हीसी टेप गुंडाळ. साधी चिकटपट्टी उष्णतेने पाघळते आणि सगळा चिकचिकाट होतो. (कापसाच्या विणीचं मूळ वेष्टन मिळालं तर मात्र माझा जळफळाट होईल.)

अर्थचे सगळे बोल्ट खरवडून लखलखीत कर. मंद दिवे आणि मीटरचे नाचणारे काटे बऱ्याचदा तिथूनच येतात.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाक, म्हणजे सगळा करंट त्यातूनच जाईल. सगळे स्विच बंद असताना तो लख्ख पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट तो जाऊ देत नाही, त्यामुळे तार जळायची भीती नाही.

फ्यूजबॉक्सच्या मागचे फोटो सोडवण्याआधीच पाठव, मलाही बघायचेत.

तुझाच,
जुना दोस्त