ढोल कमरेला बांधण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सहज बोलून गेलीस, की सराव संपता संपता हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला आणि मैत्रिणीने पेढा भरवला. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

अगं, मधुमेहात रक्तातली शुगर उतरल्यावर पेढा कामाचा नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा बोट टोचायचं. आकडा चढला नसेल तर परत तेवढीच. चढला की मग पोळी-भाजी. मीटर हाताशी नसेल तर आधी साखर, शोधाशोध नंतर.

दोन तास ढोल वाजवताना स्नायू साखर ओढतात, आणि ते ओढणं रात्री झोपेतही चालू राहतं. म्हणून सरावाआधी तपास, काहीतरी खा, निजण्यापूर्वी पुन्हा तपास. सरावाच्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचार, मनाने कमी-जास्त करू नकोस. आणि विसर्जनाला ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इंजेक्शन घ्यायचं नाही. मिरवणुकीत जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो.

सातवीतली ती रात्र तुला आठवत नाही, मला आठवते. दिवसभर खो-खो खेळून आली होतीस. अडीच वाजता आईचा हात उशीला लागला, तर अभ्रा ओलाचिंब. साखरपाण्याची वाटी तू भिरकावलीस, "झोपू दे मला" म्हणून ओरडलीस. आकडा ४६. दुसरी वाटी घोट घोट पाजली. तो राग तुझा नव्हता गं, मेंदूला साखर पुरत नव्हती.

म्हणूनच ढोलपथकात सांग. त्या वेळी तुला स्वतःला कळत नाही, शेजारच्या मुलीला कळायला हवं. उगाच चिडलीस, भलतंच बोललीस तर साखरपाणी द्यायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. ढोल काढून घेतील ही भीती सोड. तसं कुणी म्हणालंच तर मी येऊन बोलेन.

आईने तुझ्या पांढऱ्या कुर्त्याला आतून खिसा शिवलाय. ग्लुकोजच्या तीन पुड्या मावतात, मी घालून बघितल्या. शनिवारच्या एसटीने पाठवतो.

तुझे,
बाबा