रडू अडवू नये

सातारा, नागपंचमी

प्रिय मित्रा,

चैत्रापासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे तीन फोन आले, तेही उचलले नाहीत. दहाव्याला माहुलीच्या घाटावर तू ढसाढसा रडत होतास आणि मी चारचौघांत तुझ्यावर खेकसलो, "गप्प बस, बाप माझा गेलाय." माफ कर रे. तुझी फी कोणी भरली हे ठाऊक असून मी तसं बोललो.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू. आईचा गुडघा तसाच.

पण भूक गेली. ताट समोर आलं की पोट गच्च होतं. रात्री तीनला जाग येते ती उजाडेपर्यंत. सात किलो उतरलो. डॉक्टरांनी रक्त, साखर, थायरॉइड, ईसीजी, सगळं पाहिलं. काही निघालं नाही. शेवटी आईने वैद्यकाकांकडे पाठवलं. तेच, ज्यांचा काढा तू तुळशीत ओतला होतास आणि आजीने तुळस सुकली म्हणून मला धरलं होतं!

काकांनी आधी रिपोर्ट वाचले, गोळी सोडायची नाही म्हणून बजावलं. मग नाडी, जीभ. जिभेवर पांढरट थर. पुढे तासभर प्रश्नच: भूक नेमकी कधी लागते, पोट साफ होतं का, स्वप्नं कसली पडतात. मला वाटलं, आता पुड्या बांधतील. ते अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर, बोलायला लागले. विझत आलेल्या चुलीवर लाकडं रचली तर धूरच होणार, म्हणाले. पचत नाही त्याचा आम होतो, म्हणजे अर्धकच्चा चिकट मळ, आणि रसापासून शुक्रापर्यंत शरीर घडवणारे सातही धातू त्या अग्नीच्याच भरवशावर. त्यात पावसाळा: अग्नी मुळात मंद, वात चढलेला, आणि माझी प्रकृतीही वाताची. म्हणून आधी पथ्य. भूक लागेल तेव्हाच पेज, मुगाचं कढण, जुन्या तांदळाचा भात, सुंठेचं पाणी.

प्रकृतीवरून होस्टेलचा पंखा आठवला. तुला तो पाचावर हवा, मला बंद. दोन वर्षं भांडलो, एकदा तर तू माझी गादी व्हरांड्यात टाकलीस. तू पित्ताचा, तुला उकडणारच. मी वाताचा, मला गारठा सोसत नाही. दोघेही खरंच बोलत होतो! "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" म्हणत कुणालाही एकच डबी देतात, त्याची मला चीड येते ती यासाठीच. तुझं औषध मला कसं चालेल?

उठता उठता काकांनी सुश्रुताची स्वस्थ माणसाची व्याख्या सांगितली. वात-पित्त-कफ हे दोष, अग्नी, धातू, मल सम हवेत, आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न. 'प्रसन्न'वर थांबले आणि एकदम विचारलं, "अण्णा गेल्यावर रडलास का?"

नाही, म्हणालो.

त्यांनी चरकसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अडवू नयेत असे 13 वेग, म्हणजे शरीराच्या आपसूक येणाऱ्या ऊर्मी, आहेत. शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, आणि त्यांच्याच रांगेत अश्रू! ते अडवले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयरोग, अरुची म्हणजे अन्न नकोसं होणं, चक्कर. अरुची वाचून मी बसलोच. शोकाचा वेग आवरावा, असंही तिथेच म्हटलंय. पण डोळ्यांत आलेलं पाणी मागे लोटायचं नाही. हे मला पन्नाशीत कुणी तरी वाचून दाखवावं लागलं. घाटावर तुला ते आपसूक कळत होतं, आणि मी तुला गप्प केलं.

उपायही दिलाय: झोप, मद्य आणि प्रिय गोष्टी. मधल्यावर तू आत्ता हसतोयस, ठाऊक आहे. काकाही हसले. "बीपी आहे, तुला पहिला आणि तिसराच," म्हणाले.

पण प्रिय गोष्टी बोलू कुणाशी? आईपुढे अण्णांचं नाव काढलं की ती उठून आत जाते. मुलांना ते म्हातारेच माहीत. विहिरीतली उडी, पंढरपूरच्या गाडीतला तो टीसी, तुझ्या निकालाच्या दिवशीचे पेढे, हे तुझ्याखेरीज कुणाजवळ आहे?

मुलीची ॲडमिशन झाली का? वहिनींना नमस्कार. तुझी बदली थांबली असेल तर कळव.

शनिवारी सकाळच्या एसटीने ये. जेवायला मुगाचं कढण आणि भात आहे. अण्णांची खोली अजून कुणी उघडलेली नाही. आपण दोघं मिळून उघडू.

तुझाच