फाडून टाकलेल्या पत्राचा माग

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

वाशीची तुमची सिडकोची जुनी इमारत पुनर्विकासाला जाणार असून घर लवकरच रिकामे करून द्यायचे आहे, आणि माळ्यावरच्या ट्रंकेतील पत्रे ठेवावीत की रद्दीत घालावीत याचा निर्णय होत नाही, असे तू लिहिले आहेस. रद्दीवाल्याला बोलावू नकोस, एवढे सांगायला फोन पुरला असता. पण का बोलावू नकोस हे सांगायचे तर आमच्या घरच्या, पत्रे टोचून ठेवण्याच्या तारेची हकिकत सांगावी लागेल, म्हणून पत्राचा घाट घातला आहे.

आमचे पणजोबा अलिबागजवळच्या नागावहून नोकरीसाठी ठाण्यास आले आणि त्यांचे थोरले बंधू वाडी सांभाळीत गावीच राहिले. गावाहून येणारे प्रत्येक पोस्टकार्ड वाचून झाले की पणजोबा ते टोक वळवलेल्या लोखंडी तारेत टोचून ठेवीत. त्या काळी पुष्कळ घरांत अशी तार खुंटीला लटकलेली असे. बहुतेक कार्डांना मधोमध भोक पडले आहे, भोकाभोवती गंजाचे तपकिरी कडे उमटले आहे, आणि त्या भोकाने कोठे सुपारीचा भाव गिळला आहे तर कोठे पाहुण्याचे नाव. मात्र तारेचा एक मोठा गुण असा की सर्वांत जुने कार्ड तळाशी आणि नवे वर, हा क्रम तिने आपोआप राखलेला असतो. म्हणून पत्रे उतरवण्यापूर्वी मी प्रत्येकाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घातला. तुझ्या ट्रंकेत तार नसली तरी ज्या पुडक्यात जे कागद बांधलेले असतील ते तसेच राहू दे; कोणी कोणते कागद एकत्र ठेवले, हीदेखील माहितीच असते.

मजकूर मोडी लिपीत होता. ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी सुरुवातीची कार्डे वाचून दिली आणि पुढे नजर सरावल्यावर मी अडखळत का होईना वाचू लागलो. तारखांनी मात्र घाम फोडला. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात, हे तू जाणतोसच. परंतु ज्या कार्डावर माझे सारे घोडे अडले होते त्यावरील शकाचे आकडे कसरीने खाल्ले होते. शिल्लक होते ते ‘काळयुक्त नाम संवत्सरे, श्रावण शुद्ध’ एवढेच. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते, त्यामुळे ते वर्ष शके 1780 तरी असणार किंवा 1840 तरी. आपल्याकडे सरकारी पोस्टकार्डच मुळी 1879 साली सुरू झाले, तेव्हा पहिला पर्याय बाद झाला. कार्डावर छापलेले तिकीटही पंचम जॉर्जचे, पाव आण्याचे. म्हणजे ते 1918 सालचे.

आता मुख्य गोष्ट. त्या कार्डापर्यंतच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी थोरले बंधू ‘चि. सौ.’ लिहून एका नावाला आशीर्वाद देतात. ते नाव आमच्या पणजीचे नव्हे. त्यानंतरच्या दिवाळीच्या कार्डात फक्त ‘मुलांस आशीर्वाद’ आहे, आणि शके 1842 च्या वैशाखापासून ‘चि. सौ.’ पुन्हा येते, ते आमच्या पणजीच्या नावासह. मध्ये काय घडले याविषयी तारेवर चकार शब्द नाही, आणि तो नसणारच होता. निधनाची वार्ता आणणारे कार्ड वाचताच फाडून टाकायचे, ते घरात ठेवायचे नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे जन्म, मुंजी, लग्ने, दुभती गाय, वाडीचे भांडण हे सारे अशा संग्रहात सापडते आणि मृत्यू तेवढे सापडत नाहीत. ते बाहेर शोधावे लागतात.

पहिला पुरावा स्वयंपाकघरातच मिळाला. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालून घेत, ती ठिपक्याठिपक्यांनी खोदलेली अक्षरे तुला आठवत असतील. आमच्या एका पितळी तांब्याच्या गळ्याखाली घासून घासून पुसट झालेले नेमके तेच नाव आहे, आमच्या आडनावासह. दुसरा पुरावा आजीच्या वागण्यात होता. ती पितृपक्षात अविधवा नवमीला न चुकता सवाष्ण जेवू घालीत असे. कोणासाठी, असे विचारले की “घरची रीत आहे,” एवढेच म्हणे. अविधवा नवमी असते ती नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. आमची पणजी तर पणजोबांच्या मागे पुष्कळ वर्षे जगली, मग ही सवाष्ण कोणाच्या नावाने जेवत होती?

1918 च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाची दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात आली आणि ती पहिलीहून कितीतरी भयंकर ठरली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. श्रावण आणि दिवाळी यांच्या मधले महिने नेमके तेच. तरीही माझ्या टिपणवहीत ‘मानमोडीने निधन’ असे मी लिहिलेले नाही, ‘संभव’ असे लिहिले आहे, कारण बाळंतपणातही तेव्हा बायका जात. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूंच्या नोंदी असतात. त्यासाठी अलिबागच्या तहसील कार्यालयात अर्ज करणार आहे. मृत्यू ठाण्यास झाला असेल तर ती नोंद गावच्या बुकात निघणार नाही, हे मी धरून चाललो आहे.

आत्याला हे सारे आवडलेले नाही. “मेलेली माणसं कशाला उकरतोस?” असे तिने मला सर्वांदेखत विचारले. तिचा राग मला समजतो. आपली आजी दुसरेपणावर आलेली होती, हे तिला वयाच्या ऐंशीनंतर पुतण्याकडून कळावे, यात अवघडलेपण आहेच. पण ज्या बाईच्या तांब्याने आम्ही चार पिढ्या पाणी प्यायलो, तिचे नाव वंशावळीत नसावे, हे मला पटत नाही. वंशावळी बापाकडून मुलाकडे सरळ उतरतात आणि निपुत्रिक गेलेल्या बायका त्यांतून सहज गळतात. आमच्याकडे तर ‘मुलांस आशीर्वाद’मधली मुले कोणाची, हाही प्रश्न आता उभा राहिला आहे. आजोबांचा जन्म नेमका केव्हाचा, याचे शाळेच्या दाखल्यावरील उत्तर आणि घरातले उत्तर जुळत नाही.

तुझ्या ट्रंकेविषयी थोडके सांगतो. फाटक्या पत्रांना चिकटपट्टी लावू नकोस आणि कोणी कितीही सांगितले तरी लॅमिनेशन करू नकोस. पाकिटे फेकू नकोस, कारण पोस्टाचा शिक्का त्यांवर असतो. तिकिटे कोणा भाच्याने सोलून नेली नसतील, तर ती तशीच असू देत. खाडीच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांना बुरशी धरते. त्यापेक्षा जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा बरा. भांडी मोडीत घालण्याआधी प्रत्येकाचा गळा आणि बूड उजेडात धरून पाहा. आणि सर्वांत आधी काकूंना घरातली श्राद्धे कोणत्या तिथीला आणि कोणाची होत असत ते विचारून लिहून घे, कारण ट्रंक महिनाभर थांबेल, पण काकूंची तब्येत अलीकडे बरी नसते असे तूच कळवले आहेस.

येत्या रविवारी ट्रान्सहार्बर लोकलने पहिले पुडके घेऊन इकडे ये. मोडी असेल तर दोघे मिळून वाचू. नसेल तर निदान पोस्टाचे शिक्के तरी वाचून पाहू. जेवायलाच ये.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा,
नौपाड्याचा मित्र