अण्णा, त्या अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीसाठी मनापासून आभार

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. उघड लिहितेय कारण आपल्या सांगली-कोल्हापूर भागात साखर कारखान्यांना लोडर भाड्याने देणारी बरीच मंडळी आहेत. तुम्ही आमच्या मशीनवर जे शोधलंत आणि ज्या पद्धतीने शोधलंत, ते त्यांनाही कळायला हवं.

आमचं स्किड स्टीअर, म्हणजे जागच्या जागी वळणारा छोटा लोडर, दिवसपाळीला ठणठणीत चालायचं. अंधार पडला, दिवे लागले की थोड्या वेळात बूम, म्हणजे बकेट उचलणारे हात, मध्येच थांबायचं. चाकं चालायची, इंजिनाचा आवाज तसाच असायचा, पण लिव्हर कितीही ओढला तरी बूम जागचं हलायचं नाही. मशीन बंद करून थोडं थांबलं की परत चालायचं, आणि परत थांबायचं. मिल थांबली की बॉयलर यार्डातल्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालतो. नेमकं तेव्हाच लोडर उभा राहिला की कारखान्यातून फोनवर फोन सुरू होतात. तुम्ही यायच्या आधी आम्हाला हायड्रॉलिक पंप उतरवायचा सल्ला मिळाला होता. ऐन गाळपात तो खर्च आणि मशीन उभं राहण्याचे दिवस आम्हाला परवडणारे नव्हते.

तुम्ही आलात आणि पान्याला हातही लावला नाहीत. आधी बकेट जमिनीला टेकवायला लावलीत. मग माझ्या धाकट्या भावाला, जो रात्रपाळीला मशीन चालवतो, समोर बसवून विचारत राहिलात. "बूम हळूहळू मरतंय का खटकन् थांबतंय?" खटकन्, तो म्हणाला. "मग पंप नव्हे. पंप झिजला की बूम रेंगाळतं, ऑइल तापलं की अजून रेंगाळतं. असं तोडल्यासारखं थांबत नाही." पुढचा प्रश्न होता, "रात्री दिवे बंद ठेवून कधी चालवून बघितलंस का?" हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता.

यार्डातल्या एकाने मध्येच सुचवलं की सीटबारचा (ऑपरेटरच्या पुढ्यात खाली येणाऱ्या दांड्याचा) स्विच डायरेक्ट करून टाका, लॉकची कटकटच नको. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "ते सोडून काय सांगाल ते करतो." या नकारासाठी माझे सर्वांत जास्त आभार आहेत, अण्णा. या मशीनचे बूमचे दोन्ही हात ऑपरेटरच्या दोन्ही बाजूंनी वर-खाली होतात, आणि आत-बाहेर करायचं ते समोरून, बकेटवरून. सीटबार उचलला की लॉक व्हॉल्व्ह उघडा धरणाऱ्या विद्युतचुंबकाचा, म्हणजे कॉइलचा, सप्लाय तुटतो आणि बूम जागच्या जागी धरलं जातं. उतरताना गुडघा किंवा जॅकेट लिव्हरला अडकलं, तर त्या लॉकशिवाय माणसाला वाचवणारं तिथे काही नाही. माझा भाऊ रोज त्या केबिनमधून चढतो-उतरतो. स्विच डायरेक्ट केला असता तर मशीन त्या रात्री चाललं असतं, तुम्हाला पैसे मिळाले असते आणि कुणी नावही ठेवलं नसतं.

मग तुम्ही दाखवलेली तपासणी. कॉइल थंड असताना मोजलीत, ८ ओहम, म्हणजे कॉइल चांगली. इंजिन चालू, सीटबार खाली आणि दिवे बंद असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉइलच्या नटाजवळ नेलंत, तर ते चिकटलं. भावाने दिवे लावले आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. ओढ एवढी कमी झाली होती की माझ्याही हाताला फरक कळला. त्यानंतर मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायर केबिनच्या अर्थच्या बोल्टला लावलीत. दोन्ही टोकं निगेटिव्हच, मग आकडा शून्याच्या जवळ हवा. दिवे बंद असताना तो जवळपास होताही. चारही दिवे लावले तर मीटरने पाच व्होल्टच्या आसपास दाखवलं. अल्टरनेटरकडून येणाऱ्या पावणेचौदा व्होल्टमधले पाच व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होते, कॉइलला उरत होते जेमतेम नऊ.

केबिन रबरी बुशवर बसते, त्यामुळे चेसिसशी तिचा भरवशाचा विद्युत संबंध फक्त एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून. आमच्या मशीनवर दिव्यांची अर्थ, रिलेची अर्थ आणि लॉकच्या कॉइलची अर्थ, सगळ्या त्याच बोल्टवर येतात. ५५ वॅटचे चार हॅलोजन त्याच पट्टीतून एवढा करंट परत पाठवत होते की कॉइलच्या वाट्याला ताकद उरत नव्हती. तिथेच कागदावर तुम्ही मांडून दाखवलंत: अर्थ नीट असेल तर कॉइलमधून साधारण पावणेदोन अँपिअर, नऊ व्होल्टला एकच्या थोडा वर. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल ६० अंशांनी तापली की करंट आणखी पाचव्या हिश्श्याने घटतो, लॉक बसतं आणि बूम थांबतं. सुरुवातीला चालायचं आणि मग थांबायचं, त्याचा उलगडा असा झाला. दिवे पिवळट दिसत होते तेही याच कारणाने. बल्ब जुने झाले असतील असं यार्डात सगळे धरून चालले होते.

खात्री करायची तुमची पद्धत मला फार आवडली. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं केबिनच्या फ्रेमवर खरवडलेल्या जागी लावलंत. त्याच क्षणी दिवे पांढरेशुभ्र झाले. भावाने लिव्हर ओढला आणि बूम सरळ वर गेलं. एकही नवा पार्ट लावायच्या आधी दोष सिद्ध झाला होता.

पट्टी काढली तेव्हा तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) काळं पडलेलं होतं, निम्म्याहून जास्त तारा हिरव्या होऊन तुटलेल्या, बोल्टभोवतीचा रंग भाजलेला आणि खाली चिकटलेला बगॅसचा भुगा तपकिरी. तो भुगा तुम्ही बोटाने माझ्यासमोर धरलात आणि म्हणालात, "ताई, हे पेटलं असतं." पाच व्होल्ट आणि चौदा-पंधरा अँपिअर म्हणजे सत्तर वॅटच्या आसपास उष्णता, एका बोल्टवर, तीही वाळलेल्या बगॅसच्या ढिगाशेजारी. बूम थांबण्याची आमची तक्रार यापुढे फार लहान होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी यार्डातल्या दुसऱ्या मशीनवाल्यांनाही मी त्यांच्या पट्ट्या बघायला लावल्या.

नवी पट्टी, धातू चमकेपर्यंत खरवडलेली जागा, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट आणि वरून व्हॅसलिन. दिवे लावून परत मोजलं तर ०.१ व्होल्टच्याही खाली. आता भाऊ दर आठवड्याला मीटर लावून हा आकडा वहीत लिहितो.

काम करता करता तुम्ही विचारलं होतं, हे मशीन मुळात काढलं कुणी. मी शोधलं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या गावी लुई आणि सिरिल केलर या भावांचं दुरुस्तीचं दुकान होतं, लोहारकामही करायचे. एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला गोठ्यासारख्या अडचणीच्या जागेतली घाण काढायला छोटं, हलकं, जागच्या जागी वळणारं काहीतरी हवं होतं. १९५७ मध्ये त्यांनी तीन चाकांचा लोडर बनवून दिला. पुढे मेलरो कंपनीने तो घेतला आणि १९६० मध्ये त्याला चौथं चाक आलं. म्हणजे गिऱ्हाइकाची अडचण नीट ऐकून घेणाऱ्या दुकानातूनच हे मशीन निघालं. तुम्हाला हे वाचून आनंद होईल असं वाटलं.

टॉर्च धरून रात्रभर तुमच्याबरोबर उभ्या राहिलेल्या तुमच्या हाताखालच्या मुलालाही आमचे आभार सांगा. प्रत्येक आकडा तुम्ही त्याच्याकडून आधी वाचून घेत होतात, मग स्वतः बघत होतात. ते माझ्या लक्षात राहिलंय.

गाळप संपलं की मशीन तुमच्याकडे घेऊन येतो. बूमच्या सांध्यापाशी वायरिंग घासतंय असं तुम्ही म्हणाला होतात, ते सगळं उघडून बघा आणि हार्नेस किती बदलायचा ते तुम्हीच ठरवा. फक्त या वेळी मजुरी नीट लावा, मागच्या खेपेला घेतलीत ती फार कमी होती. वहिनींना नमस्कार.

तुमची,
रात्रपाळीच्या ऑपरेटरची थोरली बहीण