किलो सांगता, मग वॉट-अवरही सांगा

महोदय,

कॉलेज प्रवेशांचा हंगाम आला की ‘वजन फक्त १.२ किलो’ म्हणणाऱ्या स्वस्त लॅपटॉपच्या जाहिराती झळकतात आणि परीक्षणेही त्यांचीच री ओढतात. वजन कशामुळे उतरले, हे मात्र कोणी लिहीत नाही. या किमतीत मॅग्नेशियमची बॉडी मिळत नसते. बॅटरी लहान करायची, म्हणजे तिचे वॉट-अवर (साठवता येणाऱ्या विजेचे माप) कमी करायचे, रॅम बोर्डावरच सोल्डर करायची, पंखा काढून टाकायचा, असे ते वजन घटते. अडॅप्टर तर त्यात धरलेलाच नसतो.

खरी फसगत स्टोरेजची. ‘६४ जीबी’ असेल तर ती बहुधा वेगवान एसएसडी नसून ईएमएमसी असते, म्हणजे बोर्डावर पक्की बसवलेली संथ चिप. विंडोजला त्यातले ६० जीबीही दिसत नाहीत आणि जवळपास निम्मी जागा विंडोजच खाते. मग मोठे अपडेट जागेअभावी अडकते, परत परत डाउनलोड होते आणि घरचे म्हणतात, व्हायरस शिरला. ४ जीबी रॅम ही मायक्रोसॉफ्टची विंडोज ११ साठीची किमान अट आहे खरी, पण तेवढ्यावर यंत्र चालू होते इतकेच. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघड्या असताना व्हिडिओ कॉल लावला की रॅम भरते, विंडोज उरलेला भार त्याच संथ चिपवर ढकलते आणि माउस अडखळू लागतो. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एनव्हीएमई (जलद प्रकारच्या) एसएसडीच्या खाली उतरू नये. प्रोसेसर इंटेलचा सेलेरॉन एन४०२० असेल तर कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, दोनच. इंटेलच्याच एन१०० मध्ये चार आहेत.

दुकानात डेमो पीस सुरू असतोच. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसले तर ती रॅम सोल्डर केलेली. ‘एसओडिम’ असेल तर ती स्लॉटमधली, पुढे बदलता येते. दुकानदार ‘नंतर वाढवून देतो’ म्हणाला, तरी आधी ही ओळ वाचा.

बॅटरीचे ‘दहा तास’ बहुतेक वेळा मंद उजेडावर सलग व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’पुढे ‘/बॅटरीरिपोर्ट’ दिले की तयार होणाऱ्या फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटी दिसते. ती ३८,००० मिलिवॉट-अवर, म्हणजे ३८ वॉट-अवर असेल आणि यंत्र सरासरी ७ वॉट ओढत असेल, तर हिशेब साडेपाच तासांच्याही आत संपतो. टाइप-सी पोर्ट दिसला म्हणून चार्जिंग होईलच असे नाही, काहींत तो नुसता डेटापुरता असतो. ४५ वॉटचा पीडी (टाइप-सीवरून जास्त वीज देणारा) चार्जर तिथल्या तिथे लावून पाहावा. चालत असेल तर वेगळा अडॅप्टर वागवायला नको. मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेवर मात्र विसंबू नये.

लोकलच्या गर्दीत सॅक पाठीवर दाबली जाते, तेव्हा पातळ झाकणामागचा डिस्प्ले तडकतो. बंद झाकणावर मधोमध अंगठ्याने हलकेच दाबा. सहज आत जात असेल तर कडक कव्हरचा खर्च किमतीत धरा. टीएन पॅनल (डिस्प्लेचा स्वस्त प्रकार) तर बाजूने पाहिले की रंगच पालटतो, दोघांनी मिळून अभ्यास करण्याच्या कामाचा नाही.

परीक्षणाच्या चौकटीत वजनाशेजारी वॉट-अवर, स्टोरेजचा प्रकार, रॅम बदलता येते की नाही आणि अडॅप्टरसह एकूण वजन, हे चार रकाने आपण सक्तीचे करावेत, ही विनंती.

– एक हार्डवेअर तंत्रज्ञ, ठाणे